अतिउच्चदाब वीजवाहिनीच्या प्रस्तावावर हरकत कशी नोंदवावी: पुणे परिसरातील नागरिकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

लोणीकंद, चाकण आणि जेजुरी येथील ४०० केव्ही (किलोव्होल्ट) उपकेंद्रांच्या भोवतालच्या गावांत नवीन वाहिनीची किंवा जुन्या वाहिनीच्या क्षमतावाढीची बातमी पोहोचली, की दोन प्रकारची पत्रे तयार होतात. एक ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर ‘आमचा तीव्र विरोध आहे’ असे सांगणारे असते, तर दुसरे हौसिंग सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरून फिरत आलेले, शंभर जणांनी फक्त नाव बदलून पाठवलेले असते. दोन्ही पत्रे दाखल होतात, त्यांची पोच मिळते आणि अंतिम आदेशात ‘सदर मुद्दा या प्रकरणाच्या कक्षेत येत नाही’ अशा एका वाक्यात दोन्ही निकाली निघतात. विरोध चुकीचा होता म्हणून असे होते असे नाही. बहुतेक वेळा योग्य मुद्दा चुकीच्या दारी, चुकीच्या वेळी आणि कागदाच्या आधाराशिवाय मांडलेला असतो. अशी पत्रे तपासून देण्याचे काम काही वर्षे करत असल्याने, कोणत्या क्रमाने तयारी करावी आणि लोक नेमके कुठे अडखळतात, ते येथे लिहीत आहे.

टप्पा १: समोरची सूचना कशाबद्दल आहे ते आधी ओळखा

पारेषण, म्हणजे अतिउच्चदाबाने वीज दूरवर वाहून नेण्याच्या, प्रकल्पाबाबत एकच मोठी ‘जनसुनावणी’ होते, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. प्रत्यक्षात वेगवेगळ्या कायद्यांखाली वेगवेगळ्या वेळी मते मागवली जातात आणि प्रत्येक ठिकाणी निर्णय घेणारा वेगळा असतो. म्हणून वृत्तपत्रातील जाहीर सूचना हाती आली की प्रथम तिच्यातील कलम क्रमांकाखाली रेघ ओढा.

सूचनेत विद्युत अधिनियम २००३ चे कलम १५ असेल, तर प्रश्न परवान्याचा आहे. अमुक कंपनीला पारेषण परवाना द्यावा की नाही, हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवणार असतो. येथे प्रकल्पाची गरज, त्याची व्याप्ती आणि अर्जदाराची पात्रता यांवर बोलता येते. कलम ६२ किंवा ६४ असेल, तर प्रश्न खर्चाचा आणि दराचा आहे. वाहिन्या व उपकेंद्रे यांवरील कोणता भांडवली खर्च मान्य करून पारेषण शुल्कातून वसूल करू द्यायचा, हे तेथे ठरते आणि तो भार शेवटी राज्यातील सर्व वीजग्राहकांच्या बिलात उतरतो, मग त्यांच्या दारावरून वाहिनी जात असो वा नसो. कलम १६४ असेल, तर कंपनीला भारतीय तार अधिनियम १८८५ मधील अधिकार, म्हणजे जमीनमालकाच्या पूर्वसंमतीशिवाय मनोरे व तारा उभारण्याचे अधिकार, हवे आहेत. या सूचनेत वाहिनी ज्या गावांतून, गावांवरून किंवा गावांजवळून जाणार त्यांची यादी असते आणि म्हणणे मांडण्यासाठी सहसा दोन महिन्यांची मुदत असते. मार्गाविषयी बोलण्याची खरी जागा ही आहे.

मात्र ज्या कंपनीला हे अधिकार आधीच सर्वसाधारण अधिसूचनेने मिळालेले आहेत, तिच्या प्रत्येक नव्या वाहिनीसाठी अशी सूचना निघेलच, असे धरून बसू नये. अशा वेळी गावात सर्वेक्षणाचे खुंट ठोकले जातात, तोच पहिला निरोप असतो. त्याच दिवशी संबंधित कार्यकारी अभियंत्याला लेखी पत्र देऊन मार्गाचा नकाशा मागावा आणि पत्राची प्रत तहसीलदार व प्रांताधिकाऱ्यांना द्यावी.

सावधान: ‘पर्यावरणीय जनसुनावणी घ्या’ ही मागणी जवळपास प्रत्येक पत्रात आढळते. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेतील प्रकल्पांच्या यादीत पारेषण वाहिन्या नाहीत, त्यामुळे या मागणीला कायद्याचा आधार मिळत नाही आणि तिच्यामागचे चांगले मुद्देही वाया जातात. वाहिनी वनजमिनीतून जात असेल तर वन मंजुरीची, अभयारण्यातून जात असेल तर वन्यजीव मंडळाची आणि शहरी हद्दीत झाडे तोडावी लागणार असतील तर वृक्ष प्राधिकरणाची प्रक्रिया स्वतंत्र असते. आंबेगाव किंवा खेड तालुक्यातील भीमाशंकरकडच्या गावांनी हा भेद विशेष ध्यानात ठेवावा.

टप्पा २: मुदत मोजा आणि उलट दिशेने वेळापत्रक आखा

कलम १५ खाली अर्जदाराने अर्ज केल्यापासून ७ दिवसांत सूचना प्रसिद्ध करायची असते आणि त्या प्रसिद्धीपासून ३० दिवसांच्या आत पोहोचलेल्या हरकतीच विचारात घेतल्या जातात. हे ३० दिवस आपण सूचना वाचली त्या दिवसापासून नव्हे, ती छापून आली त्या दिवसापासून मोजायचे. हरकत त्या मुदतीत टपालात पडली एवढ्याने भागत नाही, ती आयोगाकडे पोहोचलेली असावी लागते. दराच्या याचिकांमध्ये तारीख आणि पुष्कळदा तासही सूचनेतच दिलेला असतो.

परवाना देण्यापूर्वी आयोग स्वतःही दोन दैनिकांत सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवतो. पहिली मुदत हुकलेल्यांना ही दुसरी संधी असते, पण तिच्या भरवशावर पहिली सोडू नये.

येथे माहिती अधिकाराचा हिशेब लोक हमखास चुकवतात. अर्ज केल्यावर उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, म्हणजे सूचना निघाल्यावर अर्ज केला तर माहिती येईपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असते. माहिती अधिकाराचा अर्ज सर्वेक्षण दिसताच करावा. महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, सोबत १० रुपयांचे शुल्क भरावे लागते. सूचना निघालेलीच असेल, तर त्या अर्जाची वाट न पाहता सूचनेत दिलेल्या कार्यालयात जाऊन याचिका प्रत्यक्ष पाहावी किंवा प्रत विकत घ्यावी. याचिकेचा सारांश मराठीतही उपलब्ध असतो.

तपासणी: वृत्तपत्राचे कात्रण न काढता वरची तारीख दिसेल असे पूर्ण पान जपून ठेवले आहे का? मुदतीचा वाद निघाला तर हेच पान कामाला येते.

टप्पा ३: प्रकल्पाची कागदपत्रे वाचा, पण सर्व नव्हे

सविस्तर प्रकल्प अहवाल शेकडो पानांचा असतो आणि तो पहिल्या पानापासून वाचायला बसणारा माणूस सहसा विसाव्या पानावर थांबतो. चार गोष्टी शोधाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे गरजेचे समर्थन. वाहिनी किंवा रोहित्र आज किती भार वाहते, पुढील वर्षांत किती वाहील असे गृहीत धरले आहे आणि ते गृहीतक कशावर आधारले आहे, हे पाहावे. पारेषण नियोजनात एक वाहिनी किंवा एक रोहित्र बंद पडले तरी उरलेल्या यंत्रणेने पुरवठा सांभाळावा, असा निकष असतो. अभियंते त्याला ‘एन वजा एक’ म्हणतात. हिंजवडी, चाकण, रांजणगाव यांसारख्या औद्योगिक पट्ट्यांसाठी नवीन वाहिनीचे समर्थन पुष्कळदा रोजच्या गरजेपेक्षा या निकषावर उभे असते. तेव्हा ‘आमच्या भागात वीज पुरेशी आहे, नवी वाहिनी कशाला’ हा युक्तिवाद पहिल्याच उत्तरात कोसळतो. त्याऐवजी कोणती वाहिनी बंद पडल्यास कोणता घटक अतिभारित होतो, हे भारप्रवाह अभ्यासाच्या, म्हणजे कोणत्या वाहिनीवर किती भार येतो त्या गणनेच्या, तक्त्यासह विचारावे.

दुसरी गोष्ट म्हणजे नियोजनातील स्थान. राज्य पारेषण संस्था, अर्थात एसटीयू, म्हणून महापारेषण राज्याची पारेषण योजना तयार करते. आपला प्रकल्प त्या योजनेत आहे का, असल्यास कोणत्या वर्षी, आणि आता मांडलेली क्षमता तीच आहे का, हे ताडून पाहावे. परवान्याच्या अर्जाची प्रत एसटीयूकडे जाते आणि तिने ३० दिवसांत आपली शिफारस आयोगाला कळवायची असते. ती शिफारस मागून घ्यावी.

तिसरी गोष्ट म्हणजे पर्यायांची तुलना, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. जुन्या वाहिनीच्या मनोऱ्यांवर नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम-पोलादी तारांऐवजी जास्त तापमान सोसणाऱ्या, कमी झोळ पडणाऱ्या तारा ओढल्या, तर नवीन मनोरे न उभारता त्याच मार्गावरून जवळपास दुप्पट प्रवाह नेता येऊ शकतो. या तारांना एचटीएलएस म्हणतात. जुन्या मार्गावर बहुपरिपथ, म्हणजे एकाच मनोऱ्यावरून अनेक वाहिन्या नेणारे, मनोरे उभारता येतात, दाट वस्तीत चार पायांच्या मनोऱ्याऐवजी एकखांबी मनोरा बसवता येतो आणि उपकेंद्रासाठी जागा कमी असेल तर वायुरोधित, म्हणजे जीआयएस पद्धतीचे उपकेंद्र बांधता येते. भूमिगत केबल हा पर्याय सर्वांच्या तोंडी असतो, पण अतिउच्चदाबात तिचा खर्च हवेतील वाहिनीच्या अनेक पट असतो आणि तो सर्व ग्राहकांकडून वसूल होतो. म्हणून ‘संपूर्ण वाहिनी भूमिगत करा’ असे न म्हणता, शाळा किंवा दाट वस्तीजवळच्या नेमक्या किती मीटरसाठी केबल हवी, ते सांगितल्यास मागणीचा गांभीर्याने विचार होण्याची शक्यता वाढते. एचटीएलएस तारांवर जास्त प्रवाह गेला की वीजहानीही वाढते, हे कंपनी उत्तरात सांगणारच. ते आपणच आधी मान्य करून पुढचा मुद्दा मांडावा.

चौथी गोष्ट, मार्गाचा नकाशा. तो पुढच्या टप्प्यात लागेल.

टप्पा ४: जमिनीचे कागद जुळवा

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच तो टाळला जातो. ताजा सातबारा, आठ-अ, गाव नकाशातील गटाची प्रत आणि पोटहिस्से पडले असतील तर फेरफार, एवढे कागद पहिल्याच दिवशी काढावेत. काही वर्षांपूर्वी मी एका कुटुंबाची हरकत लिहिताना त्यांच्या जुन्या खरेदीखतातील गट क्रमांक तसाच उतरवून घेतला. दरम्यान त्या गटाचे तीन पोटहिस्से झाले होते आणि मनोरा शेजारच्या भावाच्या हिश्शात येत होता. सुनावणीत नकाशा उघडला तेव्हा चूक लक्षात आली आणि खरा मुद्दा, म्हणजे विहिरीपासूनचे अंतर, बाजूलाच राहिला. तेव्हापासून मी सातबाऱ्यावरची तारीख पाहिल्याशिवाय मसुद्याला हात लावत नाही.

नकाशावर वाहिनीची मध्यरेषा आपल्या गटातून किती मीटर जाते, मनोरा गटात येतो की फक्त तारा वरून जातात, हे वेगवेगळे लिहून काढावे. तारांखालच्या पट्ट्याची रुंदी दाबानुसार बदलते. वनजमिनीसाठी प्रचलित असलेले आकडे १३२ केव्हीला २७ मीटर, २२० केव्हीला ३५ मीटर आणि ४०० केव्हीला ४६ मीटर असे आहेत. तरी आपला हिशेब त्या प्रकल्पाच्या कागदात दिलेल्या रुंदीवरच करावा.

विहीर, बोअर, गोठा, पॉलिहाऊस, ठिबकची मुख्य नळी, फळझाडे, घर यांची छायाचित्रे तारखेसह काढावीत. ई-पीक पाहणीत पिकाची आणि झाडांची नोंद नसेल तर ती लगेच करून घ्यावी, कारण पुढे मूल्यांकनाच्या वेळी तोंडी सांगितलेल्या चाळीस आंब्यांपेक्षा उताऱ्यावर नोंदलेल्या बारा आंब्यांना जास्त वजन असते.

तपासणी: हरकतीतील गाव, तालुका, गट व पोटहिस्सा क्रमांक हे सातबारा आणि मार्ग नकाशा या दोन्हींशी जुळतात का?

टप्पा ५: हरकतीचा मसुदा लिहा

सुरुवातीला प्रकरण क्रमांक, अर्जदार कंपनीचे नाव, सूचना प्रसिद्ध झाल्याची तारीख आणि वृत्तपत्राचे नाव लिहावे. त्यानंतर आपण व्यक्ती म्हणून लिहीत आहोत की संस्थेच्या वतीने, आणि सुनावणीत प्रत्यक्ष बोलायचे आहे का, हे स्पष्ट नमूद करावे. प्रत्यक्ष बोलण्याची इच्छा लेखी कळवली नाही तर सुनावणीच्या दिवशी यादीत नाव सापडत नाही.

पुढे प्रत्येक मुद्द्यासाठी स्वतंत्र परिच्छेद करावा आणि त्यात तीनच गोष्टी असाव्यात: अहवालात काय म्हटले आहे व कोणत्या पानावर, त्यात काय चुकले किंवा राहिले आहे, आणि आपली नेमकी मागणी काय आहे. ‘वाहिनीमुळे आमच्या वस्तीला धोका आहे’ असे लिहिले तर त्यावर उत्तरही तसेच मोघम येते. त्याऐवजी मार्गाविषयीच्या, म्हणजे कलम १६४ च्या, सूचनेवर असे लिहावे: ‘मार्ग नकाशात मनोरा क्रमांक अमुक आणि तमुक यांच्यामधील मध्यरेषा जिल्हा परिषद शाळेच्या इमारतीपासून २२ मीटरवर दाखवली आहे. शाळेच्या दक्षिणेकडील गायरानातून मार्ग नेल्यास हे अंतर ११० मीटर होते आणि मनोऱ्यांची संख्या वाढत नाही. हा पर्याय तपासून त्याची कारणमीमांसा आदेशात नोंदवावी.’ या वाक्यांना ‘कक्षेबाहेर’ म्हणता येत नाही, उत्तर द्यावेच लागते.

तीन मुद्दे विशेष जपून लिहावेत.

‘आमची संमती नाही’ हा पहिला. तार अधिनियमातील अधिकार मिळालेल्या कंपनीला जमीनमालकाची पूर्वसंमती आवश्यक नसते. कंपनी जमीन संपादित करत नाही, केवळ वापराचा हक्क घेते आणि मालकी मालकाकडेच राहते. मात्र त्याच कायद्याने तिच्यावर शक्य तितके कमी नुकसान करण्याचे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देण्याचे बंधन घातले आहे. म्हणून संमतीऐवजी ‘कमीत कमी नुकसान’ या शब्दांवर मसुदा उभा करावा.

दुसरा आरोग्याचा. विद्युतचुंबकीय क्षेत्राविषयी अंदाजाने लिहू नये. ५० हर्ट्झच्या वाहिन्यांसाठी प्रारणांपासून संरक्षणाचे निकष देणाऱ्या आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये सामान्य नागरिकांसाठी दिलेल्या मर्यादा विद्युत क्षेत्राला प्रतिमीटर ५ किलोव्होल्ट आणि चुंबकीय क्षेत्राला २०० मायक्रोटेस्ला अशा आहेत. वाहिनी पूर्ण भारावर असताना पट्ट्याच्या कडेला हे आकडे किती असतील, त्याची गणना जाहीर करावी, अशी मागणी करावी. ‘कर्करोग होतो’ असे लिहिल्यास चर्चा तेथेच भरकटते.

तिसरा भरपाईचा. परवान्याच्या किंवा दराच्या सुनावणीत वैयक्तिक भरपाईचा आकडा ठरत नाही, तो जिल्हा पातळीवर ठरतो. येथे फक्त एवढेच म्हणावे की भरपाईचा योग्य खर्च प्रकल्प खर्चात आधीच धरलेला असावा, म्हणजे पुढे ‘तरतूद नाही’ असे उत्तर मिळणार नाही.

सावधान: साच्यातील पत्र शंभर जणांनी पाठवले तरी आदेशात ते एकाच मुद्द्याच्या रूपाने येते. शंभर सह्यांचे एक पत्र आणि वेगवेगळ्या गटांची, वेगवेगळ्या तपशिलांची दहा पत्रे यांत दुसरा मार्ग निवडावा. ग्रामसभेचा ठराव जोडायचा असल्यास विषय विषयपत्रिकेवर असल्याची आणि गणपूर्तीची नोंद ठरावाच्या प्रतीत दिसली पाहिजे.

टप्पा ६: दाखल करणे

आयोगाच्या संकेतस्थळावर ई-जनसल्लामसलतीचा स्वतंत्र विभाग आहे. सूचनेत ज्या पद्धतीने हरकत मागितली असेल त्याच पद्धतीने ती द्यावी, अर्जदार कंपनीलाही प्रत पाठवावी आणि दोन्हींची पोच जपावी. जोडपत्रांना क्रमांक द्यावेत. अपलोड केलेली फाइल पुन्हा उघडून पाहावी. मोबाइलवर काढलेले सातबाऱ्याचे आडवे, अर्धे कापलेले छायाचित्र हा नेहमीचा घोळ आहे.

टप्पा ७: सुनावणी

ठिकाण आणि पद्धत सूचनेत दिलेली असते. वितरण दराच्या सुनावण्या पुण्यात विभागीय आयुक्त कार्यालयाच्या आवारातील कौन्सिल हॉलमध्ये झालेल्या आहेत. पारेषणाच्या सुनावण्या मात्र पुष्कळदा मुंबईकडे किंवा ऑनलाइन होतात, त्यामुळे ‘नेहमीचीच जागा’ समजून निघू नये.

नाव पुकारले की माइक हाती येतो आणि बोलायला मोजकीच मिनिटे मिळतात. लेखी हरकत आयोगापुढे आधीच असते, ती वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये. कंपनीने आपल्या हरकतीला दिलेले लेखी उत्तर आदल्या दिवशी वाचून, त्यातील ज्या एका-दोन गोष्टी टाळल्या गेल्या आहेत त्यांवरच बोलावे. मराठीत बोलण्यास संकोच करण्याचे कारण नाही. सभागृहात मागून घोषणा देणारे असतातच. त्यांचा राग मला कळतो, पण नोंदीत घोषणा जात नाही, बोलणाऱ्याचे म्हणणे जाते. सुनावणीत नवा कागद दाखवायचा झाल्यास तो दाखल करून घेण्याची परवानगी तेथेच मागावी आणि किती दिवसांत द्यायचा ते विचारून घ्यावे.

तपासणी: सुनावणीनंतर दिलेल्या मुदतीत अतिरिक्त म्हणणे लेखी दाखल झाले आहे का?

टप्पा ८: आदेशानंतर

आदेशात आपला मुद्दा कसा नोंदवला आहे ते शोधून वाचावे. आयोगाच्या आदेशाविरुद्ध कलम १११ खाली विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्यासाठी आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांची मुदत असते.

भरपाईची लढाई येथून पुढे सुरू होते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६६ केव्ही व त्यावरील वाहिन्यांसाठी मनोऱ्याखालील जमिनीला जमीनमूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई सुचवली आहे. मार्च २०२५ च्या पुरवणी सूचनांत पट्ट्यासाठी नगरपालिका क्षेत्रात ४५ आणि महानगर क्षेत्रात ६० टक्के असे आकडे आले. राज्यांतर्गत वाहिनीसाठी मात्र राज्याच्या ऊर्जा विभागाचा त्या दिवशी लागू असलेला शासन निर्णय पाहावा लागतो. त्याची तारीख अधिकाऱ्याला लेखी विचारावी.

केंद्राच्या सूचनांत मनोऱ्याचे क्षेत्र म्हणजे चार पायांमधील जागा आणि प्रत्येक बाजूला आणखी एक मीटर. पायांमधील अंतर १० मीटर असेल तर हिशेबात १०० नव्हे, १२ गुणिले १२ म्हणजे १४४ चौरस मीटर धरले पाहिजेत. हा फरक पंचनाम्यात आपण दाखवून दिल्याशिवाय क्वचितच येतो. कामाला अडथळा झाल्यास प्रकरण जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाते. भरपाई अपुरी आहे असा वाद असेल तर त्यासाठी तार अधिनियमाच्या कलम १६ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. हे दोन अर्ज एकमेकांत मिसळू नयेत.

शेवटी, पिकाचे नुकसान एकदाच होत नाही. पाया खोदताना, मनोरा उभारताना आणि तारा ओढताना असे तीन वेळा माणसे व यंत्रे शेतात येतात, तेव्हा पंचनामेही तीन हवेत. पहिल्या पंचनाम्यावर ‘संपूर्ण कामापोटी’ असे शब्द असतील तर सही करण्यापूर्वी ते खोडून ‘पायाच्या कामापोटी’ असे लिहून घ्यावे आणि खोडलेल्या जागी दोन्ही बाजूंच्या लघुस्वाक्षऱ्या घ्याव्यात. पंचनाम्याची प्रत नंतर पाठवतो म्हणणाऱ्याला तेथेच थांबवून, मोबाइलवर प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन मगच कागद परत द्यावा.